आडनाव बदलणारा राजा

मुंबईच्या अपोलो बंदरावर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली ‘गेट वे ऑफ इंडिया’ ही भव्य कमान सर्वांच्या परिचयाची आहे. १९११ सालच्या डिसेंबर महिन्यात इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी ही दोघे याच बंदरावर उतरली. त्या प्रसंगाचे स्मारक म्हणून ही कमान पुढे बांधण्यात आली. ज्याचे साम्राज्य पृथ्वीच्या सर्व खंडांत पसरले होते, त्या या राजावर अवघ्या सहा वर्षांनी आपल्या घराण्याचे नाव टाकून देण्याची पाळी आली. असे का घडले, हे समजण्यासाठी त्याच्या गोतावळ्याची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे.

जॉर्जचा जन्म ३ जून १८६५ रोजी लंडन येथे झाला. राणी व्हिक्टोरिया ही त्याची आजी. तिचा पती अल्बर्ट हा जर्मनीतील सॅक्स-कोबर्ग-गोथा या लहानशा राज्याच्या राजकुळातील होता. त्यामुळे त्यांचा पुत्र सातवा एडवर्ड १९०१ साली गादीवर आला, तेव्हा इंग्लंडच्या राजघराण्यास पित्याकडील हे जर्मन नाव प्राप्त झाले. व्हिक्टोरियाला नऊ अपत्ये होती. त्यांच्या विवाहांमुळे युरोपातील अनेक राजवाड्यांत तिची नातवंडे नांदू लागली. तिची थोरली कन्या प्रशियाच्या राजकुळात दिली होती. तिचा पुत्र विल्हेल्म हा पुढे जर्मनीचा सम्राट झाला. जॉर्जची आई अलेक्झांड्रा ही डेन्मार्कच्या राजाची कन्या. तिची धाकटी बहीण डॅगमार रशियाच्या झारला दिली होती आणि तिचा पुत्र निकोलस हा पुढे स्वतः झार झाला. म्हणजे जर्मनीचा सम्राट हा जॉर्जचा आतेभाऊ आणि रशियाचा झार हा मावसभाऊ! एवढेच नव्हे, तर झारची पत्नी अलिक्स हीदेखील व्हिक्टोरियाचीच नात, म्हणून जॉर्जची आतेबहीण होती.

जॉर्ज हा धाकटा पुत्र असल्यामुळे राज्य आपल्याकडे येईल, असे त्याला कधी वाटले नव्हते. वयाच्या बाराव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला. तेथील शिस्त, वक्तशीरपणा व साधेपणा त्याच्या अंगी कायमचा मुरला. परंतु १८९२ च्या जानेवारीत त्याचा थोरला भाऊ अल्बर्ट व्हिक्टर आजारी पडून अकाली मरण पावला. अल्बर्ट व्हिक्टरचा वाङ्‌निश्चय टेक घराण्यातील मेरी हिच्याशी नुकताच झाला होता. समान दुःखाने जॉर्ज आणि मेरी एकमेकांच्या निकट आली व १८९३ साली त्यांचा विवाह झाला. घराण्याच्या सोयीसाठी जुळलेले हे नाते पुढे खऱ्या प्रेमाचे ठरले. १९१० साली पित्याच्या मृत्यूनंतर जॉर्ज राजा झाला.

१९१३ च्या मे महिन्यात विल्हेल्मच्या कन्येचा विवाह बर्लिन येथे थाटाने पार पडला. त्या मंगल प्रसंगी हे तिन्ही भाऊ एकत्र आले. जॉर्ज आणि निकोलस यांच्या चेहऱ्यांत इतके साम्य होते की, ते जुळे भाऊच भासत. ज्यांच्या कुटुंबांत एवढी सोयरीक आहे, त्यांच्या राष्ट्रांत युद्ध कसे होईल, असे पुष्कळांना वाटे. पण सव्वा वर्षाच्या आतच, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, पहिले महायुद्ध पेटले. राष्ट्रांची ईर्ष्या, तह आणि सैन्यांची सज्जता यांपुढे भाऊबंदांचे ममत्व दुबळे ठरले.

युद्धामुळे इंग्लंडमध्ये जर्मन नावाविषयी तीव्र द्वेष उसळला. जॉर्जचा आप्त लुई बॅटनबर्ग हा ब्रिटिश आरमाराचा प्रमुख होता. अनेक वर्षे निष्ठेने सेवा करूनही केवळ जर्मन वंशामुळे १९१४ मध्येच त्याला पद सोडावे लागले. पुढे १३ जून १९१७ रोजी जर्मन विमानांनी भर दिवसा लंडनवर बॉम्ब टाकले. त्यात १६२ माणसे मृत्युमुखी पडली. एका शाळेतील १८ बालकांचाही त्यांत अंत झाला. त्या विमानांचे नाव होते ‘गोथा’! राजघराण्याच्या नावातही तोच शब्द होता. स्वतःस पूर्णपणे इंग्रज मानणाऱ्या जॉर्जला हे शल्य असह्य झाले.

१७ जुलै १९१७ रोजी त्याने जाहीरनामा काढून जुने नाव सोडले आणि विंडसर येथील प्राचीन राजवाड्यावरून ‘विंडसर’ हे नाव धारण केले. आप्तांनीही जर्मन नावे टाकली. बॅटनबर्ग हे माउंटबॅटन झाले. जर्मन भाषेत ‘बर्ग’ म्हणजे पर्वत. त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द नावाच्या आरंभी आला. राणीच्या माहेरच्या मंडळींनी टेक हे नाव सोडून केंब्रिज हे नाव घेतले. याच सुमारास आपल्या मुलांनी स्वदेशातील कुटुंबांत विवाह करण्यासही राजाने संमती दिली. त्यानुसार १९२३ साली त्याच्या दुसऱ्या पुत्राने स्कॉटलंडमधील एका सरदारकन्येशी विवाह केला.

नाव बदलणे सोपे होते; नाते बदलणे तितके सोपे नव्हते. १९१७ च्या मार्चमध्ये रशियात क्रांती होऊन निकोलसला सिंहासन सोडावे लागले. त्याला इंग्लंडमध्ये आश्रय देण्यास ब्रिटिश सरकार प्रथम तयार झाले होते. परंतु जुलमी म्हणून गणल्या गेलेल्या झारच्या आगमनाने प्रजेचा रोष ओढवेल व आपले सिंहासन डळमळेल, अशी भीती जॉर्जला वाटू लागली. त्याच्या आग्रहावरून तो बेत मागे पडला. निकोलसला रशियाबाहेर आणणे शक्य झाले असते की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. पण दार बंद झाले, एवढे खरे. पुढील वर्षी, १७ जुलै १९१८ च्या पहाटेपूर्वी, एकातेरिनबर्ग येथे निकोलस, अलिक्स आणि त्यांची पाच मुले यांना गोळ्या घालण्यात आल्या. विंडसर नाव धारण केल्यास त्या दिवशी बरोबर एक वर्ष पूर्ण होत होते. १९१९ साली जॉर्जने युद्धनौका पाठवून आपल्या मावशीला, म्हणजे निकोलसच्या आईला, रशियातून सुखरूप आणविले. पण तिचा पुत्र मात्र परत येणार नव्हता.

जर्मनीच्या पराभवानंतर विल्हेल्मने हॉलंडमध्ये आश्रय घेतला. तिघा भावांपैकी एकट्या जॉर्जचे सिंहासन टिकले. २० जानेवारी १९३६ रोजी सॅंड्रिंगहॅम येथे त्याचा मृत्यू झाला. ज्याने बॅटनबर्ग हे नाव सोडले, त्या लुईचा पुत्र माउंटबॅटन हा भारताचा शेवटचा व्हाइसरॉय म्हणून १९४७ साली आला; आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण त्याच अपोलो बंदरावरील कमानीखालून मायदेशी परतली.

पाचवा जॉर्ज कर्तव्यदक्ष राजा होता. सिंहासन आणि नाते यांतून एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्याने सिंहासन निवडले आणि त्याचे मोल त्याच्या भावाच्या कुटुंबाने दिले. राजवाड्यांतील सोयरिकींनी राष्ट्रांत सख्य नांदत नाही. ते नांदते प्रजांच्या परस्पर विश्वासाने, हाच या घराण्याच्या कथेचा बोध आहे.