४२.३४ मीटरवरचा आवाज

ऑगस्ट १९४२ मध्ये विदर्भ पेटला होता. भंडारा जिल्ह्यातील तुमसर, वर्धा जिल्ह्यातील आष्टी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमावांवर गोळ्या चालल्या. वृत्तपत्रांवर निर्बंध होते, ऑल इंडिया रेडिओ सरकारचाच. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिकत ध्वनिलहरींवर आणली ती मुंबईतील एका छुप्या केंद्राने. ते चालविणाऱ्या गटात अग्रभागी होत्या अवघ्या २२ वर्षांच्या उषा मेहता.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतजवळच्या सरस गावी झाला. वडील इंग्रजी अमलातील न्यायाधीश. मुलगी मात्र आठव्या वर्षीच सायमनविरोधी मिरवणुकीत! पुढे कुटुंब मुंबईस आले. विल्सन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन त्या कायदा शिकत असतानाच ‘चले जाव’ची हाक आली आणि पुस्तके मिटली गेली.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू झाला. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खक्कर हे सहकारी. यंत्रसामग्रीसाठी शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांचे साहाय्य लाभले. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन होते. लघुलहरी वातावरणाच्या उंच थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात, म्हणूनच मुंबईतल्या खोलीतला आवाज प्रांतोप्रांती ऐकू जाई. परंतु त्याच लहरींचा माग काढीत पोलिसांनाही प्रक्षेपकापर्यंत येता येत असे. त्यामुळे ध्वनिमुद्रण एका ठिकाणी, प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी आणि जागा वारंवार बदलायच्या, असा क्रम ठरला. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप या बातम्याही येथूनच गेल्या.

घात झाला तो घरच्याच माणसाकडून. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडल्या गेलेल्या एका तंत्रज्ञाने पोलिसांना ठिकाण दाखविले. दिवसा बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडल्याचे उषाबेनना ठाऊक होते. तरीही त्या संध्याकाळचे प्रक्षेपण त्यांनी चुकविले नाही, आणि ते चालू असतानाच दार फोडून पोलिस आत शिरले.

त्यानंतरचे सहा महिने चौकशीचे आणि एकांतवासाचे होते. परदेशी शिक्षणाची लालूचही दाखविण्यात आली. खटल्यात त्यांनी प्रश्नांची उत्तरे देण्याचे नाकारले. स्वतःच्या बचावासाठीही तोंड उघडले नाही. आवाजासाठी तुरुंगात गेलेल्या या मुलीचे मौनच सरकारला अधिक जड गेले असावे. चार वर्षांची शिक्षा झाली आणि येरवड्यातून सुटका १९४६ मध्ये.

प्रकृती खालावल्याने सक्रिय राजकारण त्यांना जमले नाही. गांधीविचारांवर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून त्यांनी विल्सनमध्ये अनेक वर्षे अध्यापन केले, पुढे मणिभवनाच्या कार्याला वाहून घेतले. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या नेहमीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावरील कार्यक्रमास गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.