लेडी ग्लॅडिस निकल्स

उमेदवारी हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थाने घेतला जातो. मुलगा छापखान्यात उमेदवारीला लागला म्हटले की घरच्यांना हायसे वाटते. ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या घरी मात्र त्याच अर्थाचा शब्द ऐकून आयांच्या पोटात धस्स होई. तेथील न्यू साउथ वेल्स राज्यात १९०९ साली आदिवासींच्या ‘संरक्षणाचा’ कायदा झाला. त्याच्या आधाराने सरकारी मंडळाची माणसे मुलींना घरातून उचलून नेत, कूटामुंड्रा येथील गृहात त्यांना धुणेभांडी नि झाडलोट शिकवीत आणि चौदा-पंधरा वर्षांच्या झाल्या की गोऱ्यांच्या घरी ‘उमेदवार’ म्हणून धाडीत. पगार मुलीच्या हाती पडत नसे. तो मंडळाकडे जमा होई. कित्येकींना तो पुढे कधीच मिळाला नाही. ते पैसे परत करण्याची योजना सरकारने जाहीर केली २००४ साली! तोवर कितीतरी जणींनी डोळे मिटले होते.

हे सारे आधी सांगितले, कारण त्यावाचून ग्लॅडिसबाईंच्या कामाचे मोल कळणार नाही. त्यांचा जन्म १९०६ सालचा, मरे नदीकाठच्या कमरगंजा या आदिवासी वसाहतीतला. माहेरचे आडनाव बक्स. वडिलांच्या बाजूने त्यांच्यात हिंदुस्थानी रक्त होते, हे वाचून मला उगीचच जवळीक वाटली. पुढे त्या निकल्सांच्या घरी पडल्या. त्या घरातील हिल्डा नावाच्या मुलीला पोलिसांनी कूटामुंड्राला नेले, ते तिच्या आठ वर्षांच्या भावाने, डगने, डोळ्यांनी पाहिले होते.

कमरगंजातील जाच असह्य होऊन १९३९ च्या फेब्रुवारीत सुमारे दोनशे माणसे नदी ओलांडून व्हिक्टोरिया राज्यात निघून गेली. त्यातली बरीच पुढे मेलबर्न शहरातल्या फिट्झरॉय भागात स्थिरावली. ग्लॅडिसबाईंचे पती हॉवर्ड १९४२ साली वारले. पदरी तीन मुले. त्याच वर्षाच्या अखेरीस धाकटे दीर डग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. डग हे नावाजलेले फुटबॉलपटू नि फिट्झरॉयच्या चर्चचे पाद्री. आपल्यातल्या काही भगिनींच्या भुवया वर जातील. पण तीन पोरांना घर मिळाले, यापुढे मला तरी दुसरे काही मोठे वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. खेड्यापाड्यांतून आदिवासी मुली नोकरीसाठी, शिक्षणासाठी मेलबर्नला येऊ लागल्या. शहरात ओळख ना देख. कातडीचा रंग पाहून खोली नाकारणारे घरमालक पुष्कळ. काम मिळाले तरी रात्री पाठ टेकायची कुठे? १९५० नंतरच्या दशकात निकल्स दांपत्याने नॉर्थकोट येथे या मुलींसाठी वसतिगृह उभे केले. कूटामुंड्राचे गृह आणि हे गृह, दोन्हीकडे मुलींनी कामाला लागावे हाच हेतू. पण तिथे मुलगी ओढून आणलेली, इथे आपल्या पायांनी आलेली. तिथे पगार दुसऱ्याच्या खात्यात, इथे मुलीच्या स्वतःच्या हातात. आणि संध्याकाळी परत आल्यावर आपल्याच जातकुळीतली, तीच बोली नि तेच दुःख जाणणारी बाई घरात. नोकरी मिळवून देणे एक वेळ सोपे. पहिल्या महिन्यात साहेब ओरडला, सोबतच्या पोरी हसल्या की गाठोडे बांधून गावी पळून जावेसे वाटते. त्या रात्री समजूत घालणारे कोणी जवळ असले तर मुलगी टिकते. नोकरीसाठी गाव सोडलेल्या आपल्यातल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

पैसा कुठून आला, हे मंडळाच्या खजिनदारबाई नक्की विचारतील! ग्लॅडिसबाई जुन्या कपड्यांची नि सामानाची दुकाने चालवीत. लोकांनी टाकलेले, दान दिलेले कपडे विकायचे आणि ते पैसे आपल्या माणसांच्या कामी लावायचे. आपण जुन्या साड्या भांडेवालीला देऊन एखादे पातेले घेतो. त्या बाईंनी जुनेरातून मुलींच्या डोक्यावरच्या छपराला हातभार लावला. हिशेबाचे नि घासाघिशीचे हे काम कंटाळवाणे असते आणि त्याची बातमी कुठे छापून येत नाही.

डग यांना १९७२ साली ‘सर’ किताब मिळाला, तो मिळवणारे ते पहिले आदिवासी. त्यामुळे ग्लॅडिसबाई लेडी झाल्या. १९७६ च्या डिसेंबरात डग दक्षिण ऑस्ट्रेलियाचे राज्यपाल झाले आणि वसाहतीत वाढलेली ही बाई राजभवनात राहायला गेली. प्रकृतीने साथ न दिल्याने सर डग यांनी पाचच महिन्यांत ते पद सोडले. १९८१ साली ग्लॅडिसबाई निवर्तल्या.

मेलबर्नच्या पार्लमेंट गार्डन्समध्ये २००७ साली दोघांचा पुतळा बसवला. मुलीकडे गेले असता मी तो पाहिला. नवरा-बायको शेजारी शेजारी उभे आहेत. मोठ्या माणसांचे पुतळे मी पुष्कळ पाहिले, पण शेजारी बायकोही उभी असलेले फार थोडे.