बाप्तिस्म्याचे पाणी वाया जात नाही



इटलीतील असिसीच्या सान रुफिनो कॅथेड्रलमध्ये मध्ययुगीन बाप्तिस्माकुंड आहे. परंपरेनुसार, इ. स. ११८२ च्या सुमारास तेथे एका श्रीमंत कापडव्यापाऱ्याच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले जॉन. फ्रान्सहून परतलेल्या वडिलांनी ते बदलून फ्रान्सिस केले. मुलाचे तारुण्य चैनीत गेले. पुढे युद्ध, कैद, आजारपण आले. अखेर १२०६ मध्ये बिशपांसमोर अंगावरचे कपडेही वडिलांना परत करून फ्रान्सिस गरिबीला वरले. १२२६ मध्ये ते देवाघरी गेले. १२२८ मध्ये संत झाले.

त्या पाण्याला फळ यायला सुमारे चोवीस वर्षे लागली. मिस्साला न येणाऱ्या आपल्या मुलांवर रागावण्याआधी आपण हे आठवू या आणि प्रार्थना चालू ठेवू या.