गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (जन्म : टेंभू, जिल्हा सातारा, १४ जुलै १८५६, मृत्यू : पुणे, १७ जून १८९५) हे मराठी पत्रकार, निबंधकार, शिक्षक आणि बुद्धिप्रामाण्यवादी समाजसुधारक होते. ‘केसरी’चे पहिले संपादक, ‘सुधारक’ पत्राचे संस्थापक आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य ही त्यांची सर्वपरिचित ओळख होय. मात्र मराठी विचारविश्वातील त्यांचे स्थान मुख्यतः एका आग्रहामुळे आहे : एखादी समजूत जुनी आहे, ग्रंथात सांगितलेली आहे किंवा बहुसंख्यांना मान्य आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही.

बालपण आणि शिक्षण

आगरकरांचा जन्म गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला अशी भटकंती करावी लागली; मधल्या काळात किरकोळ नोकऱ्याही कराव्या लागल्या. १८७५ मध्ये मॅट्रिक झाल्यावर ते पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. तेथेच बाळ गंगाधर टिळकांशी त्यांची मैत्री जुळली आणि सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणास वाहून घेण्याचा दोघांचा निश्चय झाला. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी आईला पत्राने आधीच कळविले होते. एम.ए. झाल्यावर ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले.

‘केसरी’ आणि कोल्हापूर प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ सुरू झाला व संपादकत्व आगरकरांकडे आले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याच्या वार्तांनी त्या वेळी लोकमत प्रक्षुब्ध झाले होते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी आरोप केले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला होता, ती पुढे बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त करूनही अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सवलत मिळून १०१ दिवसांनी, ऑक्टोबर १८८२ मध्ये, ते मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून सुटले. तुरुंगातील अनुभवांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले, तसेच शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतरही केले.

या प्रकरणाकडे सामान्यतः देशसेवेतील पहिला कारावास म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. आपला पक्ष न्याय्य आहे, याची खात्री असली की त्याला पोषक असलेला पुरावा पारखून घेण्याची गरज माणसाला भासत नाही; आणि येथे तर कसलेले तर्कनिष्ठ तरुणच त्या मोहाला बळी पडले होते.

विचारपद्धती

आगरकरांच्या निबंधांतील युक्तिवादाची चाल बहुधा ठरलेली असते. प्रथम ते रूढीचे समर्थन जसेच्या तसे मांडतात, मग ती कोणत्या परिस्थितीत उपजली असावी याचा शोध घेतात आणि शेवटी ती परिस्थिती आज उरली आहे काय, असे विचारतात. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी दैवतकल्पनांचे मूळ आदिमानवाच्या भीतीत व अज्ञानात शोधले. प्रेतसंस्कारांवरील लेखात विधींची अशीच चिकित्सा केली. स्त्रियांच्या पोशाखासारखा विषयही त्यांनी परंपरेकडे न पाहता सोय व आरोग्य यांच्या कसोटीवर तपासला. स्त्रीपुरुषांस एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, हे मत त्यांनी त्या काळात जाहीरपणे मांडले. ‘वाक्यमीमांसा’ हा व्याकरणग्रंथही त्यांचाच. वाक्याचे अवयव सुटे करणारी नजर त्यांच्या वादविवादांतही दिसते.

समकालीन सुधारकांपासून ते एका मुद्द्यावर वेगळे पडतात. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर सुधारणेला शास्त्राधार शोधीत. आगरकरांना तो मार्ग पटत नव्हता. सोयीचे वचन सापडले म्हणून ग्रंथाला साक्षीस बोलावले, तर गैरसोयीचे वचन पुढे येताच तोंड बंद होते, ही त्यातील अडचण उघड होती.

मतभेद आणि ‘सुधारक’

राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या वादातून आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला. ऑक्टोबर १८८८ मध्ये ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू काही काळ गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, ही भावना त्या वेळी इतकी प्रबळ होती की, मुळात चाल चांगली की वाईट हा प्रश्नच बाजूला पडे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वैवाहिक संबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेव्हा टिळकांनी विरोध आणि आगरकरांनी समर्थन केले. आगरकरांच्या दृष्टीने प्रश्न सरकार कोणाचे हा नव्हता; मुलीला होणाऱ्या इजेचा होता. त्यांच्या मतांना उत्तर म्हणून पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. घरात मात्र त्यांनी सक्ती केली नाही. पत्नी यशोदाबाईंच्या धर्माचरणाला त्यांनी आडकाठी केल्याचे दिसत नाही.

अखेरची वर्षे

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार जुनाच होता आणि तो बळावत गेला. वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्यापुरते पैसे वेगळे ठेवले होते, असे सांगितले जाते. दीर्घकाळ दुरावलेल्या टिळकांनी त्यांच्यावर ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला.