चित्रकार आंग्र आणि त्यांचें व्हायोलिन

पोटासाठीं एक धंदा व जिवाच्या विसाव्यासाठीं दुसरा एखादा छंद, अशी बहुतेक मनुष्यांच्या आयुष्याची मांडणी असते. धंदा रुक्ष असला तर छंदाचें स्थान आपोआप ठरतें. परंतु धंदा हीच मुळीं एक कला असली, तिलाच मनुष्याचा सारा जीव हवा असला, आणि त्याच मनुष्याला संगीतासारखी दुसरी कलाही साद घालीत असली, म्हणजे मोठा पेंच पडतो. दोन्ही कला मत्सरी असतात. एकीस दिलेली घटका दुसरीच्या हिशेबांतून वजा होते. हा पेंच ज्यांनीं आयुष्यभर शांतपणें सोडविला अशा एका थोर चित्रकाराचें चरित्र ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव झां ओग्यूस्त दोमिनिक आंग्र. आमच्या कोंकणच्या आंग्रे घराण्याशीं ह्या नांवाचा कांहीं एक संबंध नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

आंग्र ह्यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील मोंतोबां ह्या गांवीं 29 ऑगस्ट 1780 रोजीं झाला. त्यांचे वडील चित्रें काढीत, मूर्ति घडवीत, घरांच्या भिंती व छतें शृंगारीत आणि शिवाय वाद्यही वाजवीत. त्यांनीं आपल्या मुलाच्या एका हातांत खडू दिला व दुसऱ्या हातांत व्हायोलिनचा गज. मुलाचें शालेय शिक्षण ख्रिस्ती बंधूंच्या शाळेंत सुरू झालें होतें. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळींत 1791 सालीं ती शाळा बंद पडली. आपलें शिक्षण अपुरें राहिलें ही खंत आंग्र ह्यांना पुढें जन्मभर बोंचत राहिली. त्याच वर्षीं वडिलांनीं त्यांना तुलूझ येथील कलाशाळेंत घातलें. तेथें चित्रकलेबरोबर व्हायोलिनचाही अभ्यास चालू राहिला, आणि वयाच्या तेराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत हा मुलगा तुलूझच्या कापितोल वाद्यवृंदांत दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेंत बसून वाजवीत असे. ज्या वयांत आपलीं मुलें गोट्या व विटीदांडू खेळतात, त्या वयांत हा बालक मोठ्या माणसांच्या ताळ्यासुरांत स्वतःला बसवावयास शिकला. दुसऱ्या रांगेंत बसणाऱ्यास स्वतःचा सूर पुढें काढतां येत नाहीं. सर्वांच्या सुरांत तो मिळवावा लागतो. हा धडा त्यांच्या कामीं आला असें आम्हांस वाटतें.

पुढें निवड करण्याची वेळ आली. 1797 सालीं आंग्र पॅरिसला गेले व त्या काळचे अग्रगण्य चित्रकार दाव्हिद ह्यांच्या चित्रशाळेंत दाखल झाले. आतां चित्रकला हा धर्म ठरला व व्हायोलिन हा विसावा. 1801 सालीं त्यांनीं रोमचें मोठें पारितोषिक मिळविलें. ह्या पारितोषिकानें रोम येथें राहून शिकण्याचा खर्च सरकारकडून मिळे. परंतु सरकारी खजिन्यांत पैशाची टंचाई असल्यामुळें 1806 सालापर्यंत त्यांना वाट पाहावी लागली. रोमला पोंचल्यावर तेथील प्राचीन शिल्पें व राफाएलचीं चित्रें ह्यांनीं त्यांस असें कांहीं वेड लाविलें कीं, मुदत संपल्यावरही ते तेथेंच राहिले. 1813 सालीं मादलेन शापेल ह्या सुशील स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला.

ह्या संसाराचे आरंभींचे दिवस तंगीचे गेले. नेपोलियनची सत्ता कोसळल्यावर रोममधील फ्रेंच आश्रयदाते नाहींसे झाले. मोठ्या चित्रांस कोणी गिऱ्हाईक मिळेना. तेव्हां रोम पाहावयास येणाऱ्या प्रवाशांचीं शिसपेन्सिलीनें मुखचित्रें काढून आंग्र ह्यांनीं घर चालविलें. पैशासाठीं काढलेलीं हीं चित्रें त्यांस कमी प्रतीचीं वाटत. आज मात्र जगांतील मोठीं संग्रहालयें तीं रत्नांप्रमाणें जपतात. पैशाची अशी निकड असतांही त्यांनीं व्हायोलिन खुंटीला टांगलें नाहीं, किंवा चित्रकला सोडून एखाद्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदाचा आश्रयही घेतला नाहीं. 1819 सालीं विख्यात व्हायोलिनवादक पागानीनी ह्यांचें त्यांनीं रेखाटन केलें. त्यांत जादूगार पागानीनी नाहीं. वाद्य बगलेंत धरून उभा असलेला एक शांत, नेटका कारागीर आहे. वाद्य कसें धरतात हें ज्याच्या स्वतःच्या हातास ठाऊक आहे त्याचें तें काम होय.

देवळांसाठींही आंग्र ह्यांनीं मन लावून काम केलें. प्रभु येशू संत पेत्रास स्वर्गराज्याच्या किल्ल्या देत आहेत, हें चित्र त्यांनीं 1820 सालीं रोममधील त्रिनिता देई मोंती ह्या देवळासाठीं पुरें केलें. 'तेराव्या लुईचा नवस' हें पवित्र मरियेचें भव्य चित्र 1824 सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें व त्यानें त्यांच्या नांवाचा डंका वाजविला. तें चित्र त्यांच्या जन्मगांवच्या प्रधान देवळांत लावण्यांत आलें. ह्यानंतर ओतां येथील प्रधान देवळासाठीं संत सिंफोरियन ह्यांच्या हौतात्म्याचें चित्र त्यांनीं हातीं घेतलें व त्यावर सुमारें दहा वर्षें खर्च केलीं. 1834 सालीं तें प्रदर्शनांत आलें, आणि टीकाकारांनीं त्याचा कठोर समाचार घेतला. आंग्र स्वभावानें मानी व हळवे होते. टीकेचा एक शब्दही त्यांच्या मनांत वर्षानुवर्षें सलत राही. हा त्यांच्यांतील दोष आम्ही झांकून ठेवूं इच्छीत नाहीं. ह्या सरकारी प्रदर्शनांत पुन्हां चित्र मांडावयाचें नाहीं असा निर्धार करून त्यांनीं रोममधील फ्रेंच कलापीठाचें संचालकपद स्वीकारलें.

1835 पासून 1841 पर्यंत व्हिला मेदिची ह्या वाड्यांत आंग्र ह्यांनीं संसार थाटला. चित्रकार, शिल्पकार व संगीतकार अशा सर्व तरुण विद्यार्थ्यांचे ते पालक झाले. दिवसा कारभार, शिकवणी व कुंचला. सायंकाळीं संगीत, असा क्रम पडला. हेडन, मोझार्ट, ग्लुक व बेथोव्हन हीं त्यांचीं दैवतें. 1839 सालीं रोमला आलेले पियानोवादक लिस्ट ह्यांच्यासह त्यांनीं मोझार्ट व बेथोव्हन ह्यांच्या रचना वाजविल्या. लिस्ट ह्यांनीं बेथोव्हनच्या पांचव्या व सहाव्या सिंफनींचीं पियानोसाठीं केलेलीं रूपांतरें आंग्र ह्यांस अर्पण केलीं. त्याच सुमारास संगीताचें पारितोषिक मिळवून शार्ल गुनो हा तरुण तेथें आला. ज्यांची 'आव्हे मारिया' आमच्या देवळांतून आजही गायिली जाते व ज्यांच्या पोपमहोदयांसाठीं रचलेल्या संचलनगीतास 1949 सालीं व्हॅटिकनच्या राष्ट्रगीताचा मान मिळाला, तेच हे गुनो. आंग्र ह्यांनीं त्यांच्यावर पित्याप्रमाणें माया केली व पियानोपुढें बसलेल्या ह्या शिष्याचें एक सुंदर रेखाटन 1841 सालीं त्यांस दिलें.

ह्या सहा वर्षांत आंग्र ह्यांच्या हातून मोठीं चित्रें थोडींच झालीं. तेव्हां संगीतानें चित्रकलेचा घास घेतला काय, असा प्रश्न वाचक विचारतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. पदाचा कारभार जड होता, आणि एकेक रेघ दहादां पुसून काढण्याची त्यांची संवय तर जुनीच होती. उलट, पॅरिसहून मन विटून आलेल्या ह्या मनुष्यास सायंकाळच्या त्या सुरांनींच पुन्हां उभें केलें असावें. कारण ह्याच काळांत पुरें केलेल्या 'स्ट्रातोनिके' ह्या चित्रानें पॅरिसमध्यें त्यांचें गेलेलें यश परत आणलें. ते 1841 सालीं परतले तेव्हां त्यांच्या सत्कारास चारशेंहून अधिक मंडळी जमली, आणि त्या प्रसंगीं त्यांच्या आवडीचें संगीत वाजविण्याची व्यवस्था संगीतकार बर्लिओझ ह्यांनीं केली. पुढल्याच वर्षीं त्यांनीं वृद्ध संगीतकार केरुबीनी ह्यांचें चित्र पुरें केलें. त्यांत संगीताची देवता त्यांच्या मस्तकावर हात धरून उभी आहे.

1849 सालीं पत्नीच्या मृत्यूनें ते खचले; 1852 सालीं त्यांनीं दुसरा विवाह केला. वयाच्या ब्यायशीव्या वर्षीं त्यांनीं बालयेशू शास्त्र्यांमध्यें बसला आहे हें मोठें चित्र संपविलें. 14 जानेवारी 1867 रोजीं पॅरिस येथें त्यांनीं देह ठेविला. आपल्या चित्रशाळेंतील चार हजारांवर रेखाटनें त्यांनीं जन्मगांवास दिलीं. त्यांचें व्हायोलिनही तेथील संग्रहालयांत जपून ठेविलेलें आहे.

मनुष्याच्या आवडत्या फावल्या उद्योगास फ्रेंच भाषेंत 'आंग्रचें व्हायोलिन' म्हणतात. चित्रांपेक्षां वादनाची स्तुति केलेली त्यांस अधिक रुचे, अशी एक थट्टेची दंतकथाही आहे. परंतु त्यांस जवळून पाहिलेल्या गुनोंनीं लिहून ठेविलें आहे कीं, आंग्र हे कांहीं निष्णात वादक नव्हते. संगीतावर त्यांचें नितांत प्रेम मात्र होतें. ह्या प्रेमाची मर्यादा त्यांस ठाऊक होती, व म्हणूनच तें सत्तर वर्षें टिकलें. चित्रकलेंत त्यांस पहिला क्रमांक हवा असे व तो न मिळाल्यास त्यांचा जळफळाट होई. संगीतांत त्यांस दुसरी रांग पुरे होती. एका कलेंत धनी व दुसरींत सेवक होऊन राहिल्यामुळें दोघींचें भांडण झालें नाहीं.

आमच्या देवळाच्या गायनमंडळांत सुतार आहेत, शिक्षक आहेत, छापखान्यांत अक्षरें जुळविणारे व कापडावर नक्षी काढणारेही आहेत. दिवसभर डोळे व बोटें शिणवून ते संध्याकाळीं सरावास येतात, आणि घरचें काम सोडून हें कसलें वेड, असें बोलणेंही कधीं कधीं ऐकतात. त्यांनीं हें चरित्र वाचावें. आपला धंदा सचोटीनें करावा, त्यांतील एकही रेघ संगीताच्या सबबीवर कच्ची ठेवूं नये. आणि मग निर्धास्त मनानें आपलें वाद्य पेटींतून काढावें. दुसऱ्या रांगेंतील सूरही परमेश्वराच्या कानीं पोंचतो.