उजेड घडी करून देणारा माणूस

नवं घर घेतलं की फरशी, ओटा, कपाटं, पडदे यांत आपले महिनेच्या महिने जातात. दिव्यांची पाळी येते अगदी शेवटी. तोवर हातातले पैसे संपलेले असतात आणि उत्साहही. मग इलेक्ट्रिशियन म्हणेल तिथे पॉइंट आणि दुकानदार दाखवेल तो दिवा, असं होऊन जातं. हॉलमध्ये डोळ्यांवर येणारा पांढराफक्क झोत, कोपऱ्यात काळोख, आणि वाचायला बसावं तर आपलीच सावली पुस्तकावर!

अशा घरांत हल्ली एक साधा दिवा दिसायला लागलाय. पांढऱ्या कागदाचा, बारीक कड्याकड्यांचा, गोल. आत साधा बल्ब, पण उजेड असा की खोली एकदम शांत वाटते. दुकानात स्वस्तातला मिळतो, महागातलाही मिळतो. कागदाचे कंदील जपानमध्ये शतकानुशतकं होतेच. पण सणासुदीचा हा कंदील विजेच्या दिव्यासाठी नव्याने घडवून रोजच्या घरात आणला तो इसामू नोगुची या शिल्पकाराने. त्या दिव्यांचं नाव ‘आकारी’. जगभरच्या घरांना ऊब देणाऱ्या या माणसाला स्वतःचं म्हणावं असं घर, गाव, देश यांपैकी काहीच सहज मिळालं नाही.

इसामूचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ चा, अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसचा. आई लिओनी गिल्मोर अमेरिकन. चांगली शिकलेली, लेखन-संपादन करणारी. वडील योने नोगुची जपानी कवी. हे तेच योने नोगुची, ज्यांचा १९३८ मध्ये चीनवरच्या जपानी आक्रमणावरून रवींद्रनाथ टागोरांशी पत्रांतून मोठा वाद झाला होता. त्यांचं इंग्रजी लेखन लिओनी तपासून द्यायची, त्यातून दोघं जवळ आली. पण मूल जन्माला यायच्या आधीच योने जपानला निघून गेले होते.

१९०७ मध्ये लिओनी लेकराला घेऊन जपानला पोचली. वडिलांनी मुलाचं नाव ठेवलं इसामू, म्हणजे धैर्य. एवढंच काय ते दिलं. त्यांचा तिथे दुसरा संसार होता. परक्या देशात, परक्या भाषेत लिओनीने इंग्रजी शिकवून घर चालवलं. १९१२ मध्ये तिला एक मुलगीही झाली. लोक काय म्हणत असतील, याची कल्पना आपल्याला करता येते. त्या काळी मूल एकटीने वाढवणं अमेरिकेतही सोपं नव्हतं, जपानमध्ये तर गोऱ्या बाईला आणि तिच्या मिश्र रक्ताच्या मुलाला सगळे वळून वळून पाहत.

पण ही बाई खमकी. समुद्राजवळच्या चिगासाकी गावात तिने लहानसं घर बांधायला काढलं आणि आठ-नऊ वर्षांच्या इसामूला त्या कामात सामील करून घेतलं. सुताराची हत्यारं, लाकडाचे सांधे, सरकत्या दारांना लावलेला कागद आणि त्यातून गाळून येणारा उजेड, हे सगळं त्याने तिथे जवळून पाहिलं. जपानी घरातल्या त्या कागदी सरकत्या दारांना ‘शोजी’ म्हणतात. ऊन थेट आत येत नाही, कागदावर पसरतं आणि खोलीभर सारखं झिरपतं. पुढे साऱ्या जगाने ज्याचं कौतुक केलं, त्याचं मूळ इथे होतं.

१९१८ मध्ये, तेराव्या वर्षी, आईने त्याला एकट्याला बोटीने अमेरिकेला पाठवलं. इंडियाना राज्यातल्या एका शाळेत घालायचं ठरलं होतं. तो पोचला आणि थोड्याच दिवसांत ती शाळा बंद पडली! मग परक्या कुटुंबांत राहून, सॅम गिल्मोर या नावाने त्याने शिक्षण पुरं केलं. १९२२ मध्ये शाळा संपल्यावर एका नामवंत शिल्पकाराकडे उमेदवारी केली. त्याने सांगून टाकलं की हा मुलगा कधी शिल्पकार होणार नाही. पोरगा निमूटपणे न्यूयॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकीच्या तयारीला लागला.

तोवर आईही अमेरिकेत परतली होती. जवळपास प्रत्येक आई म्हणेल की बाबा, डॉक्टर हो. लिओनीने उलटंच केलं. १९२४ मध्ये तिने त्याला संध्याकाळच्या शिल्पकलेच्या वर्गात जायला लावलं. काही महिन्यांतच त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं आणि डॉक्टरकी सुटली. गंमत अशी, की याच सुमाराला त्याने वडिलांचं आडनाव घेतलं. ज्या आईने घडवलं तिचं नाव मागे राहिलं आणि ज्या वडिलांनी वाऱ्यावर सोडलं त्यांचं नाव जगभर झालं. वाचताना आपल्याला टोचतं ते हेच.

१९२७ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून नोगुची पॅरिसला गेले. तिथे ब्रांकुशी या थोर शिल्पकाराच्या हाताखाली काही महिने काम केलं. पुढे पूर्वेकडे जायचं ठरलं, तर वडिलांचं पत्र आलं: माझं आडनाव लावून जपानला येऊ नकोस. नोगुची आधी चीनमध्ये पेकिंगला राहिले आणि मग १९३१ मध्ये जपानला गेलेच. वडिलांची भेट झाली, पण अवघडलेली. १९३३ च्या अखेरीस न्यूयॉर्कला आई न्यूमोनियाने गेली. मुलाचं नाव होताना पाहायला ती उरली नाही.

पोटापाण्यासाठी नोगुची मिळेल ते काम करत होते. लोकांचे अर्धपुतळे, नृत्यनाटकांचे सेट, बागांचे आराखडे. १९३७ मध्ये त्यांनी एका रेडिओ कंपनीसाठी ‘रेडिओ नर्स’ नावाचं यंत्र घडवलं. पाळण्याजवळ एक भाग ठेवायचा आणि दुसऱ्या खोलीत आईला बाळाचा आवाज ऐकू यायचा. आज नोकरी करणाऱ्या कितीतरी आया जे बेबी मॉनिटर वापरतात, त्याचं हे पहिलं रूप. पुढे चाळिशीच्या दशकात त्यांनी दोन लाकडी तुकडे आणि वर जाड काच असं एक टेबल केलं, त्याच्या नकला आजही फर्निचरच्या दुकानांत दिसतात. चांगला शिल्पकार घरातल्या वस्तू कशाला करतो, असं लोक विचारत. नोगुचींना हा प्रश्नच पटत नसे. माणूस जिथे राहतो तिथे शिल्प असावं, एवढं त्यांचं साधं म्हणणं.

मग युद्ध आलं. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने छावण्यांत कोंडलं. न्यूयॉर्कवाल्या नोगुचींना कुणी धरलं नव्हतं. तरी १९४२ मध्ये ते आपणहून ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या पोस्टन छावणीत राहायला गेले. तिथल्या लोकांसाठी बागा, मैदानं उभारू, असं मनात होतं. ते काही झालं नाही. छावणीतल्यांना हे अमेरिकनांचे वाटत, अमेरिकनांना हे जपानी वाटत. आपणहून आत गेलेल्या माणसाला बाहेर पडायची परवानगी मिळायला महिने लागले.

तिथून परतल्यावर त्यांनी दिव्यांचा ध्यास घेतला. आत बल्ब लपवलेली उजळणारी शिल्पं केली, त्यांना ‘लुनार’ म्हणजे चांद्र असं नाव दिलं. तीन पायांवर उभा राहणारा एक दंडगोल दिवाही केला. वाळवंटातल्या अंधाऱ्या दिवसांनंतर या माणसाला उजेडच घडवावासा वाटला, यात नवल नाही.

१९४९ मध्ये एक शिष्यवृत्ती मिळाली आणि ते जग पाहायला निघाले. त्यात ते भारतातही आले. दिल्ली-जयपूरच्या जंतरमंतरचे त्यांनी खूप फोटो काढले. ऊन आणि सावली मोजायला बांधलेल्या त्या भल्यामोठ्या आकारांनी ते भारावून गेले होते. पुढे कितीतरी वर्षांनी केलेल्या संगमरवरी घसरगुंडीला त्यांनी ‘स्लाइड मंत्र’ असं नाव दिलं, ते त्याच आठवणीतून.

आकारीचा जन्म १९५१ चा. हिरोशिमाच्या शांती उद्यानाच्या पुलांचं काम नोगुचींकडे आलं होतं. तिकडे जाताना वाटेत ते गिफू गावात थांबले. तिथल्या नागारा नदीवर रात्री मशालींच्या उजेडात पाणकावळ्यांकडून मासे पकडतात, ते पाहायचं होतं. गिफू कंदिलांसाठीही प्रसिद्ध, पण युद्धानंतर तो धंदा बसला होता. गावच्या महापौरांनी त्यांना विनंती केली की आमच्या कारागिरांसाठी काहीतरी करा. नोगुची ओझेकी नावाच्या जुन्या कारखान्यात गेले आणि लगेच कामाला लागले.

हा कंदील करायची पद्धत बघण्यासारखी आहे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने कागद बनवतात. लाकडी फळ्यांचा साचा जुळवून त्याच्याभोवती बांबूची बारीक कामटी गोलगोल गुंडाळत नेतात. त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. खळ वाळली की आतला साचा एकेक फळी सुटी करून वरच्या तोंडातून काढून घेतात. राहते ती नुसती कागद-कामटीची पोकळी, दाबली की चपटी होणारी. आपल्या घरच्या आकाशकंदिलातही कामट्या आणि कागदच की! फक्त आपला सांगाडा ताठ असतो, यांचा मळसूत्रासारखा. म्हणून तो घडी होऊन एका चपट्या खोक्यात बसतो.

नोगुचींनी त्यात तीन बदल केले. मेणबत्तीच्या जागी विजेचा बल्ब आणला. कंदिलावरची फुलापानांची चित्रं काढून टाकली आणि कागद कोरा ठेवला. आणि गोल, चौकोनी, खांबासारखे, एकावर एक चढवल्यासारखे नाना आकार काढले. ‘आकारी’ या जपानी शब्दाचा अर्थ उजेड. सूर्य आणि चंद्र या दोन चिन्हांची जोड त्यांनी दिव्यांसाठी वापरली. विजेचा डोळ्यांत घुसणारा झोत कागदातून गाळला की तो पुन्हा उन्हासारखा होतो, हे त्यांना शोजीच्या आठवणीने शिकवलं होतं.

त्याच वर्षी त्यांनी योशिको यामागुची या अभिनेत्रीशी लग्न केलं. तीही चीनमध्ये वाढलेली जपानी, दोन देशांत ओढली गेलेली. एका नामवंत कुंभाराच्या जागेतल्या जुन्या शेतघरात दोघं राहिली. पण १९५७ मध्ये लग्न मोडलं. त्याआधी १९५२ मध्ये हिरोशिमातल्या स्मारकाचा त्यांचा आराखडा नाकारला गेला होता. बाँब टाकणाऱ्या देशाच्या माणसाने स्मारक करू नये, असं कारण. पूल तेवढे राहिले. अमेरिकेत जपानी, जपानमध्ये अमेरिकन, हे जन्मभर सुटलं नाही.

दिवे मात्र चालत राहिले. पुढच्या सदतीस वर्षांत त्यांनी शंभराहून जास्त आकार काढले. स्वस्त नकला बाजारात आल्या, तसे हे नवनवे आकार काढत गेले. १९८६ मध्ये व्हेनिसच्या प्रसिद्ध प्रदर्शनात अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून त्यांना बोलावलं. वय वर्षं ८१. दगडी शिल्पांसोबत त्यांनी कागदी दिवे मांडले. कलासमीक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मोठं पारितोषिक गेलं दुसऱ्याकडे. ३० डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. तिथे क्वीन्स भागात १९८५ मध्ये त्यांनी स्वतः उभारलेलं संग्रहालय आहे आणि गिफूच्या कारखान्यात आकारी आजही हातानेच बनतात.

मैत्रिणींनो, घरासाठी केलेली गोष्ट म्हणजे दुय्यम, हा शेरा आपल्या ओळखीचा आहे. रांगोळी कला नाही, गोधडी कला नाही, घर लावणं तर कामच नाही! नोगुचींनी हा शेरा आयुष्यभर ऐकला आणि मानला नाही.

त्यांच्यापासून घरी आणण्यासारखं बरंच आहे, आणि त्याला मोठा खर्चही नाही. छताच्या मधोमध एकच भगभगीत दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन मंद दिवे वेगवेगळ्या उंचीवर लावून बघा. एक बसायच्या जागेजवळ, एक कोपऱ्यात जमिनीवर. बल्ब उघडा डोळ्यांना दिसू देऊ नका, कागद किंवा सुती कापड मध्ये येऊ द्या. कागदी दिव्यात एलईडीच घाला, तो कमी तापतो. रंग ‘वॉर्म व्हाइट’ घ्या, खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं असतं. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर मात्र भरपूर उजेड हवाच, तिथे मंद दिव्याची हौस नको. कागदावरची धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ कोरड्या ब्रशने झटका.

आणि दिवाळी संपली की आकाशकंदील माळ्यावर टाकायची घाई करू नका. एखादा साधा, पांढऱ्या कागदाचा असेल तर घरातल्या एका कोपऱ्यात लावून ठेवा. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद करून फक्त तोच लावा आणि दहा मिनिटं घरातल्या सगळ्यांनी तिथे बसा. टीव्हीही बंद. बघा, कोण आधी बोलायला लागतं ते!