निवडुंगाच्या माळावरील वस्ती : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे स्मरणिकेत द्यावीत, असा प्रघात आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या नांगराविषयी आणि पंपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांनी जागा कशी मिळविली, पैसा कसा उभा केला आणि उजाड माळावर घरे कशी उठविली, ही हकीकत आमच्या मते तितकीच ऐकण्यासारखी आहे. स्वतःच्या घराच्या विवंचनेत असलेली कित्येक कुटुंबे आपल्या मंडळात आहेत. त्यांच्यासाठी म्हणून आम्ही हाच भाग मुख्यतः निवडला आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे व यंत्रांकडे. १८८५ साली ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे काही रंग आपल्या डोळ्यांस नीट ओळखता येत नाहीत असे ध्यानात येताच त्यांनी चित्रकला सोडली व यांत्रिक रेखाटनाचा अभ्यास केला. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून ते बेळगावास परतले. वडील बंधू रामूअण्णा यांच्यासह १८८८ पासून सायकलींचे दुकान चालू होतेच; त्याच्या जोडीस आता छोटा कारखाना आला. कडबा कापण्याचे यंत्र निघाले, मागोमाग लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे हा नांगर प्रारंभी कोणी हाती धरीना. तो खपू लागला आणि धंद्याचा जम बसतो न बसतो तोच नगरपालिकेची आज्ञा आली, की गावाच्या वाढीव वसाहतीसाठी कारखान्याची जागा मोकळी करून द्यावी.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. चाळिशीचा पुरुष, पदरी कुटुंब, अवजड यंत्रे, हाताखालील माणसांचे संसार आपल्यावर अवलंबून, आणि पायाखालची जागा गेलेली. भाड्याच्या बिऱ्हाडातून मुदतीत निघावे लागलेल्या माणसास या प्रसंगाची कल्पना सहज येईल. यंत्रे काही डोक्यावर घेऊन हिंडता येत नाहीत.

औंध संस्थानाशी लक्ष्मणरावांचा संबंध यापूर्वीच आला होता. औंध येथील बांधकामाचे एक काम त्यांच्याकडे होते, आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांचे काम जवळून पाहिले होते. १९०९ साली बाळासाहेब गादीवर आले. स्वतः चित्रकार असलेल्या या अधिपतीने लक्ष्मणरावांना आपल्या मुलखात कारखाना काढण्यास अनुमती दिली, दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि कुंडल रोड नावाच्या आडवळणी रेल्वे स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला. राजाची मर्जी बसली म्हणून लक्ष्मणरावांचे फावले, असे कोणी म्हणतील. आम्हांस ते तितकेसे पटत नाही. कर्ज देणाऱ्याने प्रथम माणूस पाहिला, त्याचे काम पाहिले, मग थैली सोडली. तारणास द्यावयास लक्ष्मणरावांपाशी वाडा नव्हता. शेतात चाललेला नांगर हेच त्यांचे तारण. तथापि बिनव्याजी पैसा हे भाग्य खरेच, आणि ते सर्वांच्या वाट्यास येत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

हा माळ म्हणजे निवडुंगाचे रान. नागांचा सुळसुळाट होता, पाण्याची वानवा होती. पिकाऊ जमीन मागण्याचा मोह कोणासही झाला असता. पण लक्ष्मणरावांना उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच होती. पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग जमिनीला लागून होता. कच्चे लोखंड व कोळसा यावयाचा आणि तयार नांगर बाहेर जावयाचे, ते सारे या मार्गाने. बैलगाडीच्या वाहतुकीत त्यांचा नफा आटून गेला असता. आमच्या भागात आजही घरासाठी जागा पाहणारी मंडळी प्रथम हिरवळ पाहतात. कृष्णाकाठची काळी जमीन डोळ्यांस सुखावते, परंतु ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींस तडे देते. शिवाय २००५ व २०१९ च्या महापुरांनी सांगलीत जे दाखविले ते कोणी विसरलेले नाही. सात-बारा तपासताना मातीही तपासावी, एवढेच जाता जाता सुचवितो.

मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांसह लक्ष्मणराव या माळावर आले. वस्तीचे चित्र त्यांच्या मनात आधीपासून होते. इंग्लंडात कॅडबरी यांनी कामगारांसाठी बोर्नव्हिल हे गाव वसविले होते, अमेरिकेतही काही कारखानदारांनी तसे प्रयोग केले होते; त्यांची वर्णने परदेशी मासिकांत वाचून तसे गाव आपणही वसवावे, असे त्यांनी योजिले होते. म्हणून कारखान्याच्या जोडीनेच घरांचे काम हाती घेण्यात आले. निवडुंग तोडणे, जमीन सपाट करणे, भिंती उभारणे या कामांत मालक आणि मजूर हा भेद फारसा उरला नाही. गावाची आखणी, आरोग्य व एकंदर व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. शंभूअण्णा जांभेकर यंत्रे सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत, आणि चौथी इयत्ताही पुरी न केलेले अनंतराव फळणीकर यंत्रांचे नवनवे आराखडे करीत. आम्ही आयुष्यभर मुलांना उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवीत आलो. फळणीकरांचे नाव वाचले की थोडे ओशाळल्यासारखे होते.

रात्रीच्या पहाऱ्यावर तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग यांस नेमले होते. दोघेही शिक्षा भोगलेले. ज्यांच्या धास्तीने लोक दारे लावीत, त्यांच्याच हाती वस्ती सोपविली आणि त्यांनी ती इमानाने राखली. वस्तीत अस्पृश्यतेला थारा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्या काळी आपल्या लोकांतील पुष्कळांना हे रुचले नसणार. आजच्या वाचकांनी यावर विचार करावा.

पुढील उत्कर्ष थोडक्यात सांगतो. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, पाठोपाठ पंप निघाले. पुतणे शंकरराव यांनी त्याच वर्षी काढलेल्या मासिकाने किर्लोस्करवाडीचे नाव घरोघरी नेले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले व त्यांनी व्याप वाढविला. या वैभवात एक उणीव आम्हांस दिसते. कारखान्याच्या वसाहतीतील घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. निवृत्तीच्या दिवशी माणसास पुन्हा जागेचा शोध घ्यावा लागतो. असली वस्ती कितीही आदर्श असली, तरी स्वतःच्या नावाचे घर ते स्वतःचेच.

फेब्रुवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, ही वस्तीही जाळपोळीच्या तडाख्यात सापडली. त्या दिवसांत आपल्या सातारा-सांगलीकडील कित्येक घरांची राख झाली. त्या कथा आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, आणि त्या सांगताना ते दोष देण्यापेक्षा तुळया, कडीपाट, पोथ्या यांचीच आठवण अधिक काढीत. पुष्कळांनी सरकारी जळित-कर्ज काढून घर पुन्हा उभे केले. पुष्कळांनी गाव सोडले, तो कायमचाच. लक्ष्मणराव त्या वेळी एकोणऐंशीच्या घरात होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून वसविलेले आपल्या डोळ्यांदेखत जळालेले पाहणे काय असते, हे आम्ही लिहू शकत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भोंगा पुन्हा वाजू लागला, एवढे खरे.

त्याच साली औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे औंध आज सातारा जिल्ह्यात आणि औंधकरांनी दिलेला तो माळ सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव मात्र कधीच मागे पडले आहे; मिरजेहून साताऱ्याकडे गाडीने निघालेल्या आपल्या मंडळींना तेथील पाटीवर आता किर्लोस्करवाडी हीच अक्षरे दिसतात.